गाऊन बोलणारा गॅरेजवाला

आमचे हे जळगावात मेहरूणला गॅरेज चालवतात. सुपडू मिस्त्री म्हटलं की कोणीही दुकान दाखवेल. घरात मात्र ह्यांना बठ्ठं, म्हणजे अगदी सगळं, गाऊनच मागायचं असतं. "मोनाली, भाजीमा मीठ कमी शे!" शेजारी हसतात. हसा मेल्यांनो, दाखवा बत्तीशी! ते गाणं माझ्यासाठी काय आहे, ते माझं मला माहीत.

हे लहानपणापासून बोलताना अडखळतात, त्यात 'म' म्हणजे डोंगरच. आमचा साखरपुडा माझ्या माहेरी, एरंडोलला झाला. बायांनी हट्ट धरला, नवरदेवानं उखाण्यात नाव घ्यायचंच. ह्यांचं "मो... मो..." काही पुढे सरकेना, आणि माझ्या मावसबहिणी तोंडाला पदर लावून फिदीफिदी. दुसऱ्याच दिवशी ह्यांचाच निरोप आला, लग्न नको. मला हा माणूस आवडला होता हो! दोन दिवस मला घास गेला नाही.

त्याच आठवड्यात जळगावच्या एका कॉलेजात जुना फ्रेंच सिनेमा दाखवणार होते. हे तिथं जनरेटर सुधारायला गेले आणि काम झाल्यावर मागे उभे राहून बघू लागले. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण त्यात कोणी बोलतच नाही, सगळे गातात! गॅरेजातला मिस्त्रीसुद्धा गिऱ्हाइकाशी गातो. तेव्हा ह्यांना आठवलं, भजनात आपली जीभ कधीच अडत नाही.

सकाळी ह्यांची मोटारसायकल थेट आमच्या अंगणात. मी झाडत होते, माझे वडील तोतारामआबा दारात उभे. ह्यांनी डोळे मिटले आणि भजनाच्या चालीत सुरू केलं, "मोनाली, मनी जीभ अडस, मन अडत नही, लगीन करशी का?"

आबा म्हणाले, "पोऱ्या येडा शे का?"

मी झाडू टाकला. माझा आवाज म्हणजे फुटका भोंगा, तरी त्याच चालीत गायले, "हाव, करसू!"

परवा तो सिनेमा आम्ही मोबाइलवर पाहिला. शेवटी त्या मिस्त्रीचं आणि त्याच्या प्रेयसीचं लग्न होतच नाही. मी घळाघळा रडले. बिचाऱ्यांचं एवढं गाऊनही जमलं नाही, पण आमचं जमवून गेले. मी मोबाइल कपाळाला लावला.

"काय व्हयनं वं?" ह्यांनी गाऊनच विचारलं.

म्हटलं, "आपल्यात लग्न जमवणाऱ्याला टोपी-टॉवेल देतात. ह्या दोघांचा आहेर कुठं पाठवायचा, सांगा!"