शिक्रापूरची गर्दी

लिहिण्याआधी माफी मागतो. माझ्या घरात आजवर कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही आणि मीही परीक्षेच्या पेपराबाहेर फारसं लिहिलेलं नाही. त्यात ज्या गोष्टीबद्दल लिहितोय तिच्यावर माझ्यापेक्षा दौंडच्या जुन्या लोकांचा हक्क जास्त आहे. मी दौंडचा नाही. माझं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावरचं, शिरूर तालुक्यातलं. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. कॉलेजसाठी मी ती ओलांडली आणि फुटबॉल मला तिकडे भेटला. एवढ्या उशिरा आलेल्याने क्लबबद्दल लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आमच्या क्लबचं मैदान दौंडहून शिक्रापूरला गेलं तेव्हा माझ्या मनाचं जे झालं ते कुठेतरी मांडून ठेवावंसं वाटतं. त्याला जरा बरा दिसणारा शब्द शोधून पाहिला. दुःख म्हणून पाहिलं, काळजी म्हणून पाहिलं. शेवटी मत्सर हाच शब्द बसतो.

आमच्या गावात पोरं ऊस तुटून गेलेल्या रानात क्रिकेट खेळतात. फुटबॉल मी फक्त मोबाइलवर पाहिलेला, तोही दुसऱ्याच्या. फर्स्ट इयरला असताना रविवारी खोलीवर करमायचं नाही. असाच भटकत असताना शिट्टी ऐकू आली आणि मी मैदानाच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. भिंतीवर माणसं ओळीने बसली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, “तो काळ्या कपड्यातला कुठल्या बाजूनं खेळतोय?”

“त्यो रेफ्री हाय,” ते म्हणाले. “त्यो कुणाच्याच बाजूनं न्हाई. म्हणून तर सगळ्यांनी त्याला शिव्या द्यायच्या. बस वर.”

ते आप्पा. रेल्वेतून रिटायर झालेले, आणि शाळेत असल्यापासून या क्लबच्या मॅच बघणारे. त्यांच्या शेजारी नेहमी चाचा बसायचे. चाचांचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे. मॅचच्या बॉलमध्ये हवा भरायची ती चाचांनीच. पंप घरचा, सुईही घरची. हवा भरली की बॉल कानाशी नेऊन अंगठ्याने दाबायचे आणि रेफ्रीकडे असा फेकायचे की जणू त्यांनीच मॅच सुरू केली. आप्पा धूळ बसावी म्हणून सकाळी मैदानावर पाणी मारून घ्यायचे. तिथे बघायला येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही काम असायचं. नुसतं बघणारा असा कुणी नव्हताच.

मैदानावर फक्कीने रेषा मारणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा आप्पांनी मला विचारलं, “शेतकऱ्याचं पोरगं ना तू? सरी सरळ पाडता येती का?”

“येती की.”

“मग फक्की बी येईल.”

तेव्हापासून मॅचच्या सकाळी दोरी ताणून, भोकं पाडलेल्या डब्यातून पांढरी फक्की सांडत मी मैदानाच्या रेषा आखायचो. आमचा गोलकीपर सगळ्यांच्या आधी यायचा, गोलच्या मधोमध टाचेने खूण करायचा आणि मला म्हणायचा, “इथं जरा जाड मार रे, म्हंजी मला मागं न बघता कळतं.” मी जाड मारायचो. मॅच संपली की तो भिंतीशी येऊन आप्पांच्या थर्मासमधला चहा प्यायचा. या दोन गोष्टींमुळे मला वाटायला लागलं होतं की हे गाव थोडं माझंही आहे.

गेल्या पावसाळ्यात मैदानाच्या एका टोकाला खोदकाम निघालं. काम सीझनभर चालणार होतं. त्याच सुमाराला शिक्रापूरच्या एका बागायतदाराने आपलं मैदान देऊ केलं. हिरवळ लावलेलं, चारी बाजूंनी जाळी असलेलं. आमचे सेक्रेटरी भिंतीपाशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “ह्या सीझनला आपल्या मॅच शिक्रापूरला. तिथं पब्लिक येतंय का ते बघू. आलं न्हाई तर पुढच्या वर्षी परत हितंच, शब्द देतो.”

“आन् आलं तर?” चाचांनी विचारलं.

सेक्रेटरी हसले. “चाचा, हितं किती येतंय ते तुम्हाला माहितीच हाय.”

ते खरं होतं. दौंडला आमच्या मॅचला पन्नास-साठ डोकी असायची, त्यात शेळ्या हुडकत आलेली दोन-तीन माणसं धरून. सेक्रेटरी गेल्यावर आप्पांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझं बरं झालं. क्लब तुझ्या तालुक्यात गेला.”

ते चेष्टेने म्हणाले. भिंतीवरचे सगळे हसले, मीही हसलो. पण खोलीवर आल्यावर ते वाक्य मला टोचत राहिलं. शिक्रापूर माझ्या तालुक्यात आहे हे खरंच, पण तिथे माझं कोण आहे? पुणे-नगर रस्त्यावरचं ट्रकांनी भरलेलं गाव, आणि एका खोलीत पाच-सहा जण राहणारे कंपन्यांमधले कामगार.

पहिल्या मॅचला आम्ही दहा-बारा जण एक पिकअप करून गेलो. चौफुला, न्हावरा, तळेगाव ढमढेरे असा रस्ता. आप्पांनी जाण्याचं कारण स्पष्ट सांगितलं होतं, “मैदान रिकामं किती असतंय ते डोळ्यानं बघून येऊ.” वाटेत सीझनची चर्चा झाली. आदल्या वर्षी आम्ही लीगमध्ये खालून दुसरे आलो होतो.

“हिरवळीवर आपली पोरं घसरून पडतील,” एक जण म्हणाला.

“पडली तर बरंच,” आप्पा म्हणाले. “हरायला लागले की पब्लिक येत न्हाई.”

“अस्तगफिरुल्ला,” चाचा कानाला हात लावून म्हणाले. “आप्पा, स्वतःच्या टीमला शाप देता?”

“शाप न्हाई ओ. जिंकू द्या. पण कुणी बघायला नगं.”

मलाही अगदी तेच हवं होतं. टीम जिंकावी आणि मैदान रिकामं राहावं.

पोचल्या पोचल्या मी मैदानाकडे गेलो. रेषा आधीच मारलेल्या होत्या, चाकाच्या यंत्राने, पांढऱ्या रंगाने, इतक्या सरळ की दोरीनेही जमणार नाहीत. बॉल पेटीतून आला, हवा भरलेला. चाचा पंप पिशवीत घेऊन आले होते, तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. आणि मैदान रिकामं नव्हतं. पहिल्या पाळीहून सुटलेले कामगार जाळीला धरून उभे होते. बंगाल, ओडिशा, आसाम, केरळ कुठले कुठले. काही जण कंपनीचं जाकीटही न काढता आलेले. त्यांच्यात एक काटकुळा मुलगा होता, बंगालकडचा. त्याच्यापुढे कंपनीतून आणलेलं निळं पिंप उपडं ठेवलेलं होतं, आणि हातात पाइपचे दोन तुकडे. आमची टीम आत आली तसं त्याने पिंप बडवायला सुरुवात केली आणि दोनशे माणसं त्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. कुणाची टीम आहे, कुठून आली, काही माहीत नसताना.

आम्ही त्याचं नाव पिंपवाला ठेवलं.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. पुढची मॅचही जिंकलो. हिरवळीवर कुणी घसरलं नाही. उलट आमचा एक मरतुकडा विंगर हरणासारखा पळायला लागला. मॅचगणिक जाळीपाशी माणसं वाढत गेली. वडापावची गाडी आली, फुगेवाला आला, बायका पोरांना कडेवर घेऊन यायला लागल्या. कीपरचं एक गाणं तयार झालं होतं, अर्धं हिंदी, अर्धं आम्हाला न कळणारं. मॅच संपल्यावर कीपर त्या बाजूला जाऊन दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायचा. मग आमच्याकडे यायचा, पण आप्पांनी थर्मास उघडेपर्यंत सेल्फीसाठी कुणीतरी त्याला ओढून न्यायचं.

एकदा आप्पा कप हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी चहा मला दिला. “पी तू,” म्हणाले, “न्हाईतर गार व्हईल.”

मी तो प्यायलो, आणि पिंपवाल्याकडे बघत राहिलो. त्याने मैदानावर कधी बादलीभर पाणी मारलं होतं? हरलेल्या टीमसोबत उन्हात कधी बसला होता? आयत्या जिंकणाऱ्या टीमवर तो पिंप वाजवत होता, आणि कीपर टाळ्या वाजवत होता त्याच्यासाठी. हे सगळं माझ्यालेखी चोरी होती.

वाईट एवढंच की तो मुलगा चांगला होता. एकदा हाफ टाइमला तोच आमच्याकडे आला, शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला आणि मला म्हणाला, “भाई, आप लोग दौंड से आते हो ना? ओरिजिनल ग्राउंडवाले? कैसा है वो ग्राउंड?”

माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. भिंत, पाणी, टाचेची खूण, कीपर मागे न बघता कसा ओळखतो ते. पण मी म्हणालो, “बस, ग्राउंड जैसा ग्राउंड है.” तेवढंच माझ्याकडे उरलं होतं, ते मला त्याला द्यायचं नव्हतं. त्याने तरी माझा नंबर मागून घेतला, मॅचच्या वेळा कळाव्यात म्हणून. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सीझनच्या शेवटी आम्ही वरून तिसरे होतो आणि शिक्रापूरची एक मॅच उरली होती. सेक्रेटरींनी सांगितलं होतं की त्या दिवशी कमिटीचे सगळे लोक येणार आणि मग पुढच्या वर्षीच्या मैदानाचं ठरणार. भिंतीवर सभाच भरली. आता मैदान रिकामं राहणार नव्हतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हा मी बोललो. मी सहसा बोलत नाही. म्हणालो, “आपण त्यांच्यापेक्षा जास्त गेलो तर? कमिटीला दिसू दे की क्लब कुणाचा हाय.”

आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. “आयला, शिरूरकर बोलला,” ते म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. “बरोबर हाय! गर्दीला गर्दीनंच उत्तर द्यायचं.”

“गाडीत बसायला तयार होतील लोक?” चाचांनी शंका काढली. “चालत मैदानावर यायला तयार नव्हते.”

“चालायला तयार नव्हते. गाडीत बसायला कोण न्हाई म्हणतंय?”

आणि तसंच झालं. दौंडच्या मैदानाशेजारी राहून कधी मॅचला न फिरकलेली माणसं त्या दिवशी डबे बांधून पिकअपमध्ये चढली. चार गाड्या भरल्या. माझ्या वर्गातली मुलं आली, चाचांच्या मोहल्ल्यातली पोरं आली, आप्पांचे तर नातूसुद्धा आले. चौफुल्याला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्याने विचारलं, कुणाचं वऱ्हाड हाय?

“मुलाकडचं,” आप्पा म्हणाले.

शिक्रापूरला आम्ही एक अख्खी बाजू भरून टाकली. सगळी मॅच “दौंड! दौंड!” म्हणून ओरडलो. पलीकडून पिंप वाजायचं, तर आम्ही त्याहून मोठ्याने ओरडायचो. मग ते आणखी जोरात वाजवायचे. त्या मैदानावर एवढा आवाज कधी झाला नसेल. वडापाव हाफ टाइमलाच संपले. पिंपवाला मधूनच माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होता आणि मी दुसरीकडे बघत होतो. आम्ही जिंकलो. शेवटी सेक्रेटरी मोबाइल घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि सगळीकडे फिरवून व्हिडिओ घेतला. आमच्या बाजूला आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो, आप्पांनी टोपी काढून फिरवली. शेजारी उभे असलेले कमिटीचे लोक एकमेकांना काहीतरी सांगत मान हलवत होते. खूश दिसत होते.

परतताना गाडीत सगळे गात होते. आप्पांनी मला जवळ बसवून घेतलं. “पोरा, तू आता दौंडचाच,” म्हणाले. मला त्या वेळी कुणाचाच हेवा वाटत नव्हता. पुढच्या वर्षीसाठी फक्कीचा नवा डबा करायचा, भोकं जरा बारीक पाडायची, असं मी मनात ठरवत होतो.

मग परीक्षेची सुट्टी लागली आणि मी गावी आलो. आमच्या वस्तीवर रेंज नीट मिळत नाही. नदीकडच्या पाण्याच्या मोटारीपाशी गेलं की दोन कांड्या येतात. रोज सकाळी मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथे जायचो आणि क्लबच्या ग्रुपवर काही आलंय का बघायचो. ग्रुप गप्प होता. चाचांना फोन केला तर म्हणाले, “पेपर दे आधी बेटा, नंतर बोलू.” आप्पांनी फोन उचललाच नाही. आईने विचारलं, “एवढं काय बघतोस? रिझल्ट हाय का?” मी म्हणालो, “तसंच काहीतरी.”

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी मोटारीपाशीच फोन वाजला. पिंपवाल्याचा होता. मागे कंपनीच्या मशीनचा आवाज येत होता आणि तो आनंदाने जवळजवळ ओरडतच होता.

“भाई, मालूम पड़ा क्या? अगले साल भी इधर ही! पक्का हो गया, चार दिन हो गए. आपको किसी ने बताया नहीं?”

मी विचारलं, कमिटीने असं का ठरवलं.

“वो लास्ट मॅच का व्हिडिओ देखा ना सबने. सेक्रेटरी साब खुद बोले, शिक्रापूर का पब्लिक दौंड नहीं जाएगा, और दौंडवाले तो चार-चार गाड़ी भर के इधर आ ही जाते हैं.”