संडास कुठल्या पानावर आहे?

निवेदनांच्या फायली होतात, फोटोंचे अल्बम होतात, पण किस्से कुठे ठेवायचे? आमच्या ग्रुपचे इतके साठलेत की मीटिंगला चहा येईपर्यंतच दोन-तीन उरकून घ्यावे लागतात. ऐकणाऱ्याला वाटेल, या बायका हक्कांसाठी भांडतात की हसायला जमतात? दोन्ही!

मी बँकेतून रिटायर झालेली, राहायला बदलापूरला, मांजर्लीत. बाकीच्या जणी जीन्स शिवणाऱ्या एका गल्लीतल्या कामगार. गल्ली उल्हासनगरची, अंबरनाथची की बदलापूरची ते सांगत नाही, नाहीतर उरलेली दोन शहरं उगाच मान ताठ करतील! तिथे बायकांसाठी एकच संडास होता. त्यात झाडू ठेवलेले आणि बाहेर भलं मोठं कुलूप. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नसत.

*

पहिल्या मीटिंगला मी पालिकेचं बजेटचं जाडजूड पुस्तक घेऊन गेले. महिला आणि बालकल्याणाचा निधी, त्याची टक्केवारी, त्यातली कलमं, असं अर्धा तास बोलले. बायका समोर बसून तयार पँटींचे धागे कापत होत्या, कारण मजुरी नगावर. हात थांबला की मजुरी थांबली.

शेवटी मी ऐटीत विचारलं, "काही प्रश्न?"

खरवईच्या शारदामावशी उठल्या. पंचावन्नच्या पुढच्या, गल्लीत सगळ्यात जुन्या. जवळ येऊन त्यांनी माझ्या पदराचा लोंबणारा धागा कचकन कापला आणि म्हणाल्या, "ताई, समदं बराबर हाय. पन ह्या पुस्तकात संडास कुठल्या पानावर हाय?"

पानं उलटून उलटून माझी बोटं दुखली. कुठल्याच पानावर नव्हता!

*

मग आम्ही गल्लीत सर्व्हे केला. फॉर्म मी बनवला होता, अगदी बँकेच्या वळणाचा. त्यात एक प्रश्न होता, 'दिवसभरात पाणी किती पिता?'

मावशींना लघवीच्या जळजळीनं दोनदा सलाइन लागलं होतं. मी त्यांना समजावायला गेले, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना भरपूर पाणी प्यायला?"

"डागदराला काय जातं सांगायला! पिऊ की. पन सोडू कुठं?"

त्या हसत म्हणाल्या, पण मला रडू आलं. फॉर्ममधले बाकीचे एकोणीस प्रश्न मी त्याच दिवशी खोडून टाकले.

*

पालिकेत बजेटवर सुनावणी ठरली. दुपारची वेळ, म्हणजे अर्धी मजुरी बुडणार. आमची रेश्मा कटिंगला बसते, जिभेलाही तितकीच धार. ती शेठकडे गेली पगारी सुट्टी मागायला.

शेठ सिंधी, माणूस गोड. म्हणाले, "बेटी, सुट्टी-बिट्टी, सुनवाई, ये सब क्यों? ये तो अपना घर है!"

"घर है तो बाथरूम किधर है, शेठ?"

शेठनी गल्ल्याकडे पाहिलं. तिथे त्यांची सून बसली होती. तीसुद्धा रोज दुपारी त्याच कामासाठी रिक्षा करून घरी जायची! सासऱ्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत सून म्हणाली, "सबको छुट्टी दे दो पापाजी. मैं भी जा रही हूँ."

*

आमचे हे ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. जेवताना माझं रोजचं पुराण ऐकून वैतागले, "अगं, ताटावर तरी संडास नको!" पण रविवारी स्वतःच निवेदन टाइप करून दिलं. जन्मभर तीन प्रतींशिवाय खिळा न मागवलेला माणूस तो! परिशिष्ट अ, परिशिष्ट ब, वर अनुक्रमणिकासुद्धा. क्लार्कनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ताई, यात त्रुटी काढायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही!"

*

सुनावणीला पालिकेच्या साहेबांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "यंदाही महिला निधीतून शिवणकामाचं प्रशिक्षण देणार!"

रेश्मानं हात वर केला. "साहेब, ही जीन्स कुठून घेतली?"

"का? स्टेशनजवळून."

मावशी उठल्या, साहेबांच्या खुर्चीजवळ वाकल्या आणि गुडघ्याजवळची शिलाई बघून मागे वळल्या. "आपल्याच गल्लीतली हाय गं! धागे मीच कापल्यात."

"म्हणजे साहेब," रेश्मा म्हणाली, "तुमची पँट आम्ही शिवायची आणि शिलाई तुम्ही आम्हाला शिकवायची?"

साहेब स्वतःच हसायला लागले. प्रशिक्षणाच्या कलमावर काट बसली आणि तिथे 'महिला शौचालय, पाण्याच्या सोयीसह' असं लिहिलं गेलं. मी ते पान उघडून सगळ्यांना दाखवत सुटले.

*

नंतर पालिकेच्या ऑफिसात इंजिनिअर नकाशा घेऊन आले. आम्हाला त्यातल्या रेघांतलं काही कळेना. रेश्मा म्हणाली, "कागद पे छोटा नहीं चलेगा, साहेब. आम्ही पॅटर्न फुल साइज काढतो." गळ्यातली टेप काढली, कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि ऑफिसच्या फरशीवर अख्खा संडास आखला.

"आता आत बसून दाखवा."

इंजिनिअर बिचारे खरंच उकिडवे बसले. शिपायानं फाइल दारासारखी धरली आणि नकाशाप्रमाणे आत ढकलली. ती सरळ इंजिनिअरसाहेबांच्या गुडघ्यांवर!

"अन् आमी साडीवाल्या," मावशी म्हणाल्या. संध्याकाळच्या आत नवा नकाशा तयार झाला.

*

उद्घाटनाचा दिवस. मांडव, लाल फीत, तबकात कात्री. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि आल्या आल्या माइक धरला. "स्त्री ही शक्ती आहे, स्त्री ही..." वीस मिनिटं झाली तरी शक्ती संपेना. गल्लीतल्या बायका उन्हात उभ्या.

अखेर पाहुण्यांनी कात्री उचलली. तेवढ्यात आतून बादलीत धो धो पाणी पडल्याचा आवाज आला. पाहुणे थबकले. "आत कोण आहे?"

कडी वाजली. दार बाहेरच्या बाजूला उघडलं. शारदामावशी हात झटकत आल्या, फितीखालून वाकून बाहेर पडल्या आणि ओला हात पदराला पुसत पाहुण्यांना म्हणाल्या,

"पानी चांगलं येतंय. तुमचं चालू द्या!"