दोघा भावांचं गालगुंड

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. धाकटा भाऊ दहावीला आपटला आणि उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसला. त्याला दोन पोरं होती, गेल्या महिन्यात तिसरं झालं, मुलगी. मला एकही नाही. सख्ख्या भावावर जळू नये हे कळतं. तरी जळतो.

रिपोर्टात माझे शुक्रजंतू शून्य आले होते. डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी करायला लावली. ती नॉर्मल निघाली तेव्हा मी ताठ बसलो. रक्तात खोट नाही म्हणजे. मग हार्मोन्सचा रिपोर्ट बघत त्यांनी विचारलं, "वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का?"

झालं होतं. आधी धाकट्याला. तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागलेला, गालाला गेरू फासून अंबरनाथच्या चाळीत मिरवत होता. मग मला, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. गाल उतरले आणि खाली सूज आली, दोन्हीकडे. आईला कसं सांगणार? शर्ट बाहेर सोडून, पाय फाकवत पेपरला गेलो. डॉक्टर म्हणाले, लहान पोरांना यातून असं सहसा होत नाही, वयात आलेल्याला होऊ शकतं. म्हणजे तोच आजार, त्याला नुसता गेरू लागला आणि माझं सगळं घेऊन गेला.

बायकोला हे माहीत होतं. माझ्यासाठी ती कुठे बोलली नाही.

बारसं खरवईला, धाकट्याच्या घरी होतं. नाव ठेवून झाल्यावर आमच्या आत्याने बाळ माझ्या बायकोच्या मांडीवर दिलं.

"घे सूनबाई, लेकराचा पायगुण लागतो. आणि एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव स्वतःला. आमचा पोरगा एवढा शिकलेला, त्याचा वंश बुडवू नको."

धाकटा हसला. "आत्या, वाटणीच तशी झालीय. दादाला डिग्री, मला डिलिव्हरी!"

सगळे हसले. बायको खाली मान घालून टोपड्याची नाडी बांधत बसली. बांधलेलीच होती.

"आत्या, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे."

"चल! पुरुषाला काय धाड भरतेय?"

"दहावीला गालगुंड झालं होतं मला. त्यात गेलं सगळं."

आत्या पदर सावरू लागली. धाकट्याचं हसू मावळलं.

"दादा, ते तर माझ्याकडून लागलं होतं ना तुला? माझ्यामुळे झालं हे?"

तीन पोरांचा बाप माझ्यासमोर चोरासारखा उभा होता. खरं सांगतो, बरं वाटलं. 'वेडा आहेस का, तेव्हा चाळीतल्या सगळ्याच पोरांना झालं होतं,' असं म्हणायचं होतं. म्हणालोही. पण जरा वेळ जाऊ दिला.