इंजिनाचं कपाळ

आमच्या श्रीरामपूरच्या गॅरेजात जुने नटबोल्ट आणि किस्से, दोन्ही फेकवत नाहीत. त्यातले निम्मे किस्से एकाच प्रश्नावरून झालेत: "व्हॅनचं इंजिन कोणतं?" एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारची इंजिनं आलीत आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही. खरं काय ते इंजिन नंबरच सांगतो. पण नंबर बघतंय कोण!

एका पाहुण्याला विचारलं, "मॉडेल कोणतं?"

"आधी मेव्हण्याचं हुतं, आता माझंय!"

*

खर्ड्याच्या एका मुकादमाला फोनवर इंजिन विचारलं. गड्यानं फोन इंजिनाजवळ धरला आणि रेस केली. "ऐका, अन् तुमीच वळखा!"

माझा भागीदार फ्रान्सिस डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आवाज वळखीचा हाय, पण नाव आठवंना!"

*

एकाला म्हटलं, इंजिनाचा फोटो पाठवा. फोटोत बायको, पोरं, आई, सगळे व्हॅनसमोर हसत उभे. फ्रान्सिसनं उत्तर धाडलं, "लई झ्याक दिसताय. आता जरा बाजूला व्हा!"

*

पुणतांब्याच्या मंदाकाकू मात्र वेगळ्या. काका गेल्यापासून शाळेच्या पोरांची व्हॅन त्याच चालवतात. त्या दिवशी इंजिनातलं गॅस्केट जळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा दहावीचा पेपर! गॅस्केटच्या नुसत्या चिंध्या उरलेल्या. नगरचा दुकानदार एसटीनं नवं पाठवायला तयार होता, पण म्हणाला, "आधी नंबर सांगा."

इंजिनावरची सीट उचलली तर नंबरच्या जागी कुंकवाचा जाड थर. काका दर दसऱ्याला तिथंच कुंकू लावायचे. "हे इंजिनाचं कपाळ!" म्हणायचे.

फ्रान्सिसनं डिझेलचा बोळा उचलला. काकूंनी त्याचा हात धरला.

"पुसू नगंस. त्यांच्या हातचं हाय ते. माझं पुसलं तेवढं बास झालं."

फ्रान्सिस हळूच म्हणाला, "काकू, पोरांचा पेपर…"

काकूंनी त्याचा हात सोडला. मग पदराचं टोक डिझेलात बुडवून त्यांनी स्वतःच हळूहळू नंबर मोकळा केला. पदराला आलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि नंबरच्या जरा वर टेकवलं. बोटाला थोडं उरलं होतं. त्यांनी व्हॅनच्या आरशात बघितलं आणि ते आपल्या कपाळाला लावलं.

"बघत काय बसलाय? लावा नगरला फोन, मी नंबर वाचते!"