भरल्या बंबाची कमान

जुन्या अग्निशमन ठाण्याच्या इमारतीचा इतिहास सांगा, असं त्या आर्किटेक्ट बाईंनी फोनवर म्हटलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. मी ड्रायव्हर माणूस. आयुष्यभर बंब चालवला. इतिहास सांगायला कोल्हापुरात प्राध्यापक काय कमी पडलेत? पण बाई चिवट निघाल्या. "काका, इमारत पाडायची की ठेवायची, याची शुक्रवारी बैठक आहे. तिथं काम केलेले आता तुम्हीच उरलात," म्हणाल्या. शेवटी हो म्हटलं, पण माझी खरी अडचण वेगळीच होती. त्या इमारतीच्या कमानीवर एक आळ होता. तो मीच घातलेला होता आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

इतिहास तसा छोटाच. काळ्या दगडाची ती बैठी इमारत मुळात घोड्यांची पागा, असं आमच्या वेळचे म्हातारे सांगायचे. घोडे गेले, हातपंपाच्या गाड्या आल्या, मग मोटारीचे बंब आले. कमान तीच राहिली, घोड्यावरच्या माणसाचा फेटा लागणार नाही एवढी उंच. समोरच्या रस्त्यावर दर वेळी जुन्या डांबरावरच नवं डांबर पडत गेलं आणि कमान बसल्या जागी बुटकी झाली. आमचा मोठा बंब आला तेव्हा वरच्या शिडीसकट तो कमानीत बसेना, दोन बोटं कमी पडली. म्हणजे रिकामा असताना. टाकी भरली की पाण्याच्या वजनानं स्प्रिंगचे पाटे दबायचे, बंब तीन-चार बोटं खाली यायचा आणि कमानीखालून निघायचा.

त्यातून आमच्याकडे एक रीत पडली. आग विझवून आलेला बंब आधी बाहेरच्या नळावर भरायचा, मगच आत घ्यायचा. टाकीचा काटा बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बंब आत उभा आहे ना, मग तो भरलेला आहे. नवा भरती झालेला एखादा काट्याकडे वाकला की जुने लोक हसायचे. "कमानीनं बघितलंय न्हवं, तू आनि काय बघतोस?"

आता तो दिवस. एप्रिल होता. सकाळी एका गुऱ्हाळावर चिपाडाची गंजी पेटली होती, ती विझवून दुपारी दोनला आम्ही परत आलो. टाकी कोरडी ठाक. नळाला पाणी करंगळीएवढं. बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मी भरतो. माझी पाळी तीनला संपत होती आणि चारला माझ्या थोरल्या मुलीला बघायला कागलकडचे पावणे येणार होते. अंगाला धुराचा वास, अंघोळ व्हायची, वाटेत पेढे घ्यायचे. तीन वाजले तरी टाकी पाव भागसुद्धा भरली नव्हती, आणि बंब आत घेतल्याशिवाय पाळी सोडता येत नसे. मग मला नको ती अक्कल सुचली. मागच्या चाकांची अर्धी हवा सोडली, बंब खाली बसला, आणि शिडी दगडाला न लावता अगदी सावकाश आत घेतला. वाटलं, पावणे गेले की परत येऊ, हवा मारू, टाकी भरू. दोन-तीन तासांत काय होतंय?

मोटारसायकलला किक मारली आणि घंटा झाली.

दुसरा ड्रायव्हर हजर होता. मी घरी जायला मोकळा होतो. पण आत काय उभं आहे ते मला एकट्याला माहीत होतं. गाडी तशीच भिंतीला टेकवली, धावत जाऊन त्याला खाली उतरवलं आणि स्टिअरिंग धरलं. मागं चौघं चढले. सांगावं म्हणून तोंड उघडलं होतं, पण शरम वाटली आणि तसंच मिटलं.

आग चपलांच्या दुकानाला होती. खाली कातड्याचा माल आणि चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, वर घर, घरात चपला बनवणारे कारागीर आणि त्यांची बायको. जिना पेटला होता. बंब गल्लीच्या तोंडाशी नेला तेव्हा वरच्या खिडकीच्या गजांमागे ते उभे दिसले. त्यांनी मला हात केला. टाकीत मिनिटभर पुरेल एवढं पाणी. ते मारून संपवलं असतं तर आग भडकतच राहिली असती आणि आम्ही नुसते बघत उभे राहिलो असतो. मी त्यांच्या डोळ्यांदेखत बंब डावीकडे वळवला.

"डायवर, हिकडं कुठं?" मागून एकजण ओरडला.

"तालमीच्या विहिरीवर. पाणी न्हाय."

"न्हाय म्हंजे? आतनं तर काढलाय."

मी गिअर टाकला. विहिरीच्या कठड्याला बंब लावला. तालमीतली पोरं लंगोटावरच धावून आली, त्यांनी जाड पाईप विहिरीत सोडायला हात लावला. मागच्या बोळातून होज ओढला, पंपानं विहिरीचं पाणी धरलं, पाणी आलं. यात चार मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील. मला ती अजून मोजता येत नाहीत.

दोघं वाचले. बाई बेशुद्ध होत्या, दवाखान्यात शुद्धीवर आल्या. पण बंब वळताना बघून कारागिरांना वाटलं की तो आपल्याकडे येतच नाही. म्हणून त्यांनी खिडकीचे तापलेले गज हातांनी धरले आणि उपसायला लागले. डावा हात थोडक्यात बचावला, उजवा गेला. बोटं एकमेकांना चिकटून वाकडी बसली.

ठाण्यावर परत आल्यावर सगळे पाणी प्यायला गेले. मी पाना घेतला आणि टाकीच्या बाजूची तोटी मोडली. साहेबांना सांगितलं, निघताना कमानीच्या दगडाला घासून तोटी गेली, पाणी वाटेत गळलं. कमानीवर सगळ्यांचाच राग होता, त्यामुळे कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. अहवालात कमानीचं नाव लागलं. पावणे वाट बघून निघून गेले होते. मुलीला पुढं चांगलं घर मिळालं, पण त्या संध्याकाळी बायको बोलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी ते कारागीर ठाण्यावर आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ड्रायव्हरनं डोकं चालवून बंब विहिरीवर नेला म्हणून तुम्ही जगलात. त्यांनी जमिनीवर कागद पसरला, मला पाय ठेवायला लावला आणि डाव्या हातानं पेन्सिल फिरवून माप घेतलं. माझ्या पायाशी बसलेला तो माणूस बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. महिनाभरानं चपला आल्या. उजव्या चपलेची वेणी वाकडी होती. "हात चालत न्हाय आता. हा शेवटचा जोड," म्हणाले. त्यानंतर कामावर त्यांचा मुलगा बसायला लागला. मी त्या चपला एकदाही घातल्या नाहीत. बायकोला सांगितलं, चावतात. ती म्हणाली, तेल लावा.

शुक्रवारी कमानीसमोरच मांडव घातला होता. ठाणं केव्हाच नव्या जागी गेलंय, इमारतीत आता मोडकी टेबलं आहेत. रस्ता रुंद करायचा म्हणणारे एका बाजूला, इमारत ठेवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. बाई माझ्या शेजारी, हातात नकाशे. एका गृहस्थांनी जुना अहवाल वाचून दाखवला, की ही कमान तेव्हासुद्धा जिवावर उठली होती. आणि मग पुढच्या रांगेतून ते कारागीर उठले. म्हातारे झाले होते. उजवा हात त्यांनी वर केला.

"ह्या कमानीनं खाल्लाय ह्यो. पाडा तिला. मी सोता पयला दगड काढतो."

टाळ्या वाजल्या. बाईंचं तोंड उतरलं. "काका, आता तुम्ही बोला," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या खिशात दोन पानं होती. पागा, घोडे, हातपंप. ती वाचून खाली बसता आलं असतं. कारागीर माझ्याकडे बघत होते, आणि नजरेत अजून तीच माया होती. तीच मला सहन झाली नाही. मी माईक धरला आणि म्हणालो, "तोटी कमानीनं न्हाय मोडली. मी मोडली."

मग सगळं सांगितलं. नळ, पावणे, सोडलेली हवा, पाना. रिकामा बंब कमान आत घेत नव्हती, मीच तिला चुकवून आत नेला, असं शेवटी म्हणालो. कारागीर उभेच होते. त्यांनी वर केलेला हात खाली घेतला, खुर्चीवरची टोपी उचलली आणि निघून गेले. बैठक पुढं ढकलली. बाईंनी नकाशे गुंडाळले. कमान अजून उभी आहे, पण ती राहील की जाईल हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला कागदात गुंडाळून मी त्यांच्या दुकानात गेलो. ते गल्ल्यावर एकटेच होते. त्यांनी कागद सोडला, चपला उलट्या करून तळ बघितला. तळाला माती नव्हती.

"एकदाबी घातल्या न्हाईसा?"

"न्हाय."

"म्हंजे मी माप घ्याला आलतो, तवा तुमास्नी ठावं हुतं."

"व्हय."

माफ करा, असं म्हणायचं मी घरून ठरवून आलो होतो, ते राहूनच गेलं. त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या, माझा जोड जमिनीवर ठेवला आणि पाय घातले. माप माझं होतं. त्यांना त्या ढगळ झाल्या, टाचेमागं दोन बोटं जागा उरली.

"माझ्या हातचा शेवटचा जोड हाय," ते म्हणाले. "मीच घालतो."

आणि करकर वाजवत समोरच्या टपरीवर चहाला गेले. नव्या चपला वाजतात तशाच त्या वाजत होत्या. मी दुकानात उभा राहिलो. वाटलं, परत आल्यावर शिव्या देतील, निदान एक थोबाडीत तरी देतील, आणि ते मला हवंच होतं. ते चहा पिऊन आले, गल्ल्यावर बसले, आणि मी अजून तिथंच आहे हे बघून म्हणाले, "तुमी जावा आता."