अल्का मॅडमची उद्घाटनं

आमगावच्या उदाराम शिंप्याची ही पोरगी, अल्का. गोंदियातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. मनात आलं ते तोंडावर बोलून टाकायची सवय, त्यामुळे प्राचार्य तिला जरा टाळूनच असत.

२०११ सालची गोष्ट. आशियातून बाहेर जाऊन तिकडेच प्राध्यापक झालेल्यांना सहा आठवडे आपल्या मुलखातल्या कॉलेजात आणायचं, खर्च तिकडच्या संस्थेचा, अशी एक फेलोशिप होती. अल्कानं हट्टानं मागणी केली आणि कॅनडात शिकवणारा संघदीप तिला मिळाला. गडी मूळचा बोदलकसा तलावाकडचा. पाण्यातलं शेवाळ मायक्रोस्कोपखाली पाहून तलावाची तब्येत ओळखायची, ही त्याची विद्या. अट एकच. सहा आठवड्यांत बोदलकशाच्या पाण्याचा अभ्यास उभा राहिला, तर पुढची तीन वर्षं इथलं आणि त्याचं तिकडचं, अशी दोन्ही कॉलेजं जोडलेली राहणार, इथली पोरं तिकडे जाऊन शिकणार. नाही राहिला, तर विषय संपला. अल्काला तर ही विद्या स्वतःलाही हवी होती. पुस्तकातून ती येत नव्हती.

पण बाईनं वेळ कोणती निवडली? दिवाळीनंतरची. धान कापून घरात आलेलं, अख्ख्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. नाटकाला उद्घाटक लागतो. कॅनडाहून आपलाच पोरगा आलेला असताना सरपंचाला कोण विचारतो!

संघदीपला नाही म्हणता येईना. इतक्या वर्षांनी आलेला माणूस, कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? रोज नवं गाव, फीत, शाल, आणि मग नाटक संपेपर्यंत पहिल्या रांगेत बसणं, कारण उद्घाटक मध्येच उठला तर गावाचा अपमान. दिवसा प्रयोगशाळेत हा मायक्रोस्कोपवर कपाळ टेकून घोरायचा. रीना नावाची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर शेवाळ पाहून राहिले का सपन?"

दोन आठवडे असे गेले. मग अल्का तडक संघदीपच्या मामांकडे गेली. भोजराज मामा आपल्या गावच्या मंडई समितीचे अध्यक्ष. भाच्याला कोणत्या गावी कधी पाठवायचं, हेही तेच ठरवत. जय भीम झालं, चहा झाला. यापुढे संघदीप एकाही गावाला येणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

"काऊन? आमच्या पोराले अडवणारी तू कोण?"

"मामाजी, भाचा जन्मभर तुमचाच हाये. माह्यापाशी तो चारच हप्ते हाये."

"आन् त्याच्या नावाचे परचे छापले त्याचं काय? गाववाले मले खातीन."

"त्याच्या जागी मी येईन. म्हणा, मॅडमनं अडवलं. शिव्या मले पडू द्या."

मामा हसले. "तुले पाहाले कोन येईन वो?"

"लोक नाटक पाहाले येतीन. मले कायले पाहातीन?"

यावर मामांनी पानाचा डबा पुढे केला, म्हणजे मान्य.

मग गावोगाव उद्घाटक अल्का. पहिल्या गावात लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या गावात कॅनडावाला कुठं दडवला म्हणून दोन म्हाताऱ्यांनी तिला धारेवर धरलं. तो तुमच्याच तलावाचं पाणी तपासून राहिला, एवढंच ती प्रत्येक मंचावर सांगायची आणि खाली बसायची. पुढे पुढे लोकांना ते भाषण आवडू लागलं, मुख्यतः लवकर संपायचं म्हणून.

इकडे संघदीप रात्री पोटभर झोपायचा आणि दिवसभर पोरांना शिकवायचा. तलावावर चकरा झाल्या, बाटल्या भरून आल्या, अभ्यास उभा राहिला. अल्का? ती त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीत मान टाकून झोपलेली. जे शिकायला हा सारा खटाटोप केला, तेवढंच तिचं राहून गेलं. निघायच्या दिवशी संघदीप म्हणाला, गाडीला वेळ आहे, मॅडम, बसा, तुम्हाला दाखवतो. तर तिनं रीनाला बोलावलं आणि हिच्या शंका आधी मिटवा म्हणाली. त्यातच गाडीची वेळ झाली.

दोन्ही कॉलेजांची जोडणी मंजूर झाली. त्यानंतरच्या सोमवारी रीना मायक्रोस्कोपपाशी उभी, आणि समोरच्या स्टुलावर अल्का. तिनं डोळा लावला, एका शेवाळाचं नाव सांगितलं. चुकलं.

"नीट पाहा, मॅडम," रीना म्हणाली. "घाई काऊन करता?"

अल्कानं पुन्हा डोळा लावला.