अंतरपाटापलीकडचा नवरा

काल लेकीच्या लग्नाच्या पंगतीत शेजारच्या शाळेची घंटा वाजली आणि आमचे हे हातातल्या लाडवासकट ताडकन उभे राहिले. पाहुणे हसले. मला हसू आलं नाही.

आमचं लग्न सोलापूरच्या सेटलमेंटात, काटेरी तारांच्या आत झालं. इंग्रज सरकारनं ह्यांची अख्खी जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवून तिथं कोंडली होती. मी सांगोल्याकडची नवरी. अंतरपाट खाली आला, तर समोर नवराच नाही! माणसं मोजायच्या हजेरीची घंटा झाली होती आणि हजेरी चुकली तर तुरुंग. मुंडावळ्या बांधलेले हे धावत जाऊन रांगेत उभे होते.

मी हार घेऊन तरातरा रांगेत घुसले. कारकून खेकसला, "ए, तू कोण गं?"

"नवरी हाय की! लगीन लागता लागता माजा नवरा चोरलाय तुमी!"

रांग खदखदली. मी तिथंच हार घातला. कारकुनानं शांतपणे वही उघडली आणि माझंही नाव लिहिलं. दुसऱ्या सकाळपासून मलाही हजेरी.

हा किस्सा मी नकलांसकट सांगते, लोक पोट धरून हसतात. काल मात्र त्या वहीवरच्या संतापानं मी ह्यांचा खांदा घट्ट धरला.

"बसा हो, मोजणारा गेला," मी म्हटलं.

ते बसले. मुठीत लाडवाचा चुरा झाला होता.